कोहळ्याशी शर्यत

टिटवाळ्याला काळू नदीच्या अलीकडे 'रिव्हर पॅराडाइज' नावाची अठरा मजली इमारत आहे. नावातली रिव्हर बघायची तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि पॅराडाइज कुठून दिसतं ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला आवडाबाई राहते. वय अडुसष्ट, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, जीभ विळ्यासारखी. इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी तिचं भाताचं शेत होतं. नवरा काळुराम गेला, त्याच्या वर्षश्राद्धाच्या आत मुलाने, धनेशने, कागदावर सही केली, आणि शेताच्या बदल्यात दोन फ्लॅट आले. एकात धनेश आपल्या बायकोपोरांसह राहतो, एकात ती.

सही करताना बिल्डर हात जोडून म्हणाला होता, "आवडाकाकी, मागची पट्टी तुमचीच. मरेपर्यंत भाजी लावा." हे तो तोंडाने म्हणाला. कागदावर काहीच नव्हतं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब अशी ती पट्टी. तिच्यात आवडाबाई लाल माठ, मुळा, आळू लावते. सकाळी सहाला विळा आणि बादली घेऊन ती तिथे उतरते आणि नऊपर्यंत वाकलेलीच असते. सहा एकरांतलं एवढंच तिच्याकडे उरलं होतं, आणि ते गेलं तर आपल्याला उठायचं कारणच उरणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे ती कुणाला बोलत नसे. बोलली असती तरी धनेशने तिला भजनी मंडळात जायला सांगितलं असतं.

त्या पट्टीत माठ-मुळ्यापेक्षा जोमाने एक पीक येत असे, आणि ते तिने कधी लावलं नव्हतं. कोहळा.

त्याची कथा अशी. रिव्हर पॅराडाइजमधली माणसं शिकलेली. कुणी कॉम्प्युटरवाले, कुणी बँकवाले, सगळ्यांच्या दाराला बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं. पण त्या कुलपाच्या बरोब्बर वर, लाल कापडात नाहीतर शिंक्यात, दृष्टीचा कोहळा टांगलेला असायचाच. माणसाने लाखाचं कुलूप लावलं तरी शेजारणीच्या नजरेला ते थोडंच अडवणार? दर अमावास्येला जुना कोहळा उतरवायचा, नवा बांधायचा. जुना घरात ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, वाहत्या पाण्यात नाहीतर चौकात टाकायचा आणि टाकल्यावर मागे वळून बघायचं नाही. आता नदी दहा मिनिटांवर, चौक तीन मिनिटांवर आणि मागची गॅलरी तीन पावलांवर. मग काय, शिकलेल्या माणसांनी शास्त्राला थोडी मुरड घातली. गॅलरीच्या कठड्याकडे पाठ करायची, खांद्यावरून कोहळा मागे सोडून द्यायचा, आणि न बघता आत येऊन पाय धुवायचे. मागे वळून बघायचं नसतं, म्हणजे खाली वाकून तर मुळीच बघायचं नाही. एवढा एक नियम मात्र सगळे काटेकोर पाळत.

खाली आवडाबाई.

फुटलेल्या कोहळ्यांच्या बिया पट्टीत रुजल्या आणि वेल भिंतीवरच्या काटेरी तारेवर चढले. त्यांना पांढरीधोप पावडर चढलेले बाळसेदार कोहळे लागले. आणि मग वरच्या बायका अमावास्येच्या आधी पिशवी घेऊन खाली येऊ लागल्या. "आजी, एक द्या ना. बाजारात चांगला मिळत नाही हो." आवडाबाई तोडून देई. पैसे घेत नसे, पण पिशवी हातात देताना न चुकता म्हणे, "घेऊन जा. परत देशील तवा जरा बगून दे." बायका हसत आणि लिफ्टकडे जात. त्यांना वाटे म्हातारी विनोदी आहे.

लहानपणी आवडाबाईने शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलली होती. शेजारच्या माळ्यावरून सुटलेला दगड कसा येतो हे तिला शिकवावं लागत नव्हतं. जो वर बघतो त्याच्या तोंडावर बसतो, हे बापाने तिला सातव्या वर्षीच सांगितलं होतं. म्हणून अमावास्येला ती वाफ्यात जातच नसे. भिंतीला चिकटून, पहिल्या मजल्याच्या छज्ज्याखाली बसून लसूण सोली. वर्षातून बारा दिवस ती स्वतःच्या जमिनीत पाहुण्यासारखी कडेला बसे, आणि त्याचा तिला मनस्वी राग येई.

पण आषाढ-श्रावणात एकदा अमावास्या दोन दिवसांत विभागून आली. कुणी आदल्या दिवशी पाळली, कुणी दुसऱ्या. आवडाबाईने एकच दिवस धरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माठ खुडायला वाकली. डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, तिची बादली फुटली. आधी आवाज नाही, सावली नाही, काही नाही. बादली होती आणि पुढच्या क्षणी बादलीचे तुकडे होते, आणि तिच्या लुगड्यावर कोहळ्याचा गर. ती तशीच खाली बसली. तिला मरणाची भीती नव्हती असं ती नेहमी म्हणायची, पण त्या दिवशी तिला कळलं की आहे, चांगली भरपूर आहे.

बादलीचे तुकडे पदरात घेऊन ती सोसायटीच्या मीटिंगला गेली. सेक्रेटरी नयन, अकराव्या मजल्यावरचा. वय बेचाळीस, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण त्याची खरी ओळख म्हणजे पळणं. ठाण्याच्या, कल्याणच्या, जिथे म्हणून सकाळी पाचला रस्ता अडवून माणसं पळवतात तिथे हा छातीवर नंबर लावून हजर. घरात मेडलं इतकी की देवांना कोनाडा बदलावा लागला. मनगटावर घड्याळ, ते त्याला वेळ सोडून सगळं सांगायचं. किती पावलं चाललास, किती धडधडलास, किती झोपलास. माणसाला स्वतःच्या छातीत काय चाललंय हे मनगटाला विचारावं लागतं, याची आवडाबाईला फार गंमत वाटे.

"वर जाली बांदा," आवडाबाई म्हणाली. "नवीन इमारती बांदताना लावतात तशी. ऊन येल, पानी येल, कोहला नाय येनार."

नयनने बादलीचे तुकडे बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "आजी, तुमच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, आम्ही तो गंभीरपणे घेतोय." आणि गंभीरपणे घेऊन समितीने ठरवलं ते असं की, मागची पट्टी धोकादायक असल्यामुळे तिथली भाजी बंद करावी, पेव्हर ब्लॉक घालावेत आणि तिथे दुचाकी पार्किंग करावं. म्हणजे टाकणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही, आणि जिच्या डोक्यावर पडतं तिने डोकं घेऊन दुसरीकडे जायचं. मीटिंगमध्ये धनेशही होता. त्याच्या दोन गाड्या आणि पार्किंग एक. त्याने आईकडे न बघता हात वर केला.

"आमी काय गुन्हा केला?" आवडाबाईने विचारलं.

"गुन्हा नाही हो," नयन समजावणीच्या सुरात म्हणाला. ही माणसं समजावायला लागली की ओळखावं, आपलं काहीतरी जाणार आहे. "पण तुमचं वय बघा. तरुण माणूस असता तर पटकन बाजूला झाला असता. साधा हिशोब आहे. अकराव्या मजल्यावरून वस्तू खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात मी दहा मीटर पळेन. बाजूला व्हायला तर दोन मीटर पुरेत."

"किती वेळ लागतो?"

नयनने मागे वळून महेंद्र सरांकडे बघितलं. महेंद्र चौथ्या मजल्यावर राहत आणि ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. दाराला कोहळा न टांगलेली दोन-चार घरं होती, त्यांतलं एक त्यांचं. ते मोजकं बोलत, म्हणून मीटिंगमध्ये त्यांना कुणी विचारत नसे.

"अडीच सेकंदांच्या थोडं वर," महेंद्र म्हणाले. "पहिल्या सेकंदात पाचच मीटर येतो. पण थांबत नाही ना, वेग वाढवत येतो. खाली पोचतो तेव्हा ताशी नव्वद. जगातला सगळ्यात वेगवान माणूसही जेमतेम त्याच्या निम्म्याने पळतो. तुम्ही मॅरेथॉनमध्ये ताशी बारा, नयनराव."

"पण मला त्याला हरवायचं नाहीये, फक्त बाजूला व्हायचंय!"

"तेही खरं," महेंद्र म्हणाले. "फक्त तुम्ही धरून चाललात की तो सुटला त्याच क्षणी तुम्हाला कळलं. कोहळा आवाज करत येत नाही. आजींना अडीच सेकंद मिळालेच नव्हते. एकही नव्हता मिळाला."

नयनला हे आवडलं नाही. पळणाऱ्या माणसाला कुणी पळायची संधीच मिळणार नाही म्हटलं की ते त्याला अपमानासारखं लागतं. आवडाबाईने ते ओळखलं आणि नेमका तिथेच विळा घातला.

"मंग तुमी पलून दाखवा," ती म्हणाली. "सगल्यांच्या म्होरं. तुमी वाचलात, तर माजी पट्टी घ्या, ब्लाक घाला, काय पन करा. मी तोंड नाय उगडनार. नाय वाचलात तर जाली बांदायची."

मीटिंगला हसू आलं. नयनलाही आलं, पण तो 'हो' म्हणाला. चारचौघांत पळायचं आमंत्रण त्याने आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं. पुढचा रविवार, सकाळी अकरा. त्या रविवारी काय आहे हे समितीतल्या एकानेही कॅलेंडरात बघितलं नाही. बघितलंच असेल तर घरी बायकोने.

रविवारी पट्टीत पन्नासेक माणसं जमली. आळूवर पाय देत, मुळ्याच्या वाफ्यात खुर्च्या रोवत सगळे उभे राहिले. आवडाबाईने ओठ दाबून बघितलं. मग म्हणाली, "आज अवस हाय. सगली भित्तीला लागून रावा, छज्जाखाली." कुणीतरी म्हणालं, "आजी घाबरल्या." पोरं खिदळली. महेंद्र सर तेवढे भिंतीकडे सरकले.

प्रयोगाची मांडणी नयनने स्वतः केली होती. माठाच्या वाफ्यात रांगोळीने गोल काढला. गोलात तो, हाफ पँट, चकचकीत बूट. अकराव्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीत वॉचमन नाथा, हातात आवडाबाईच्याच वेलाचा कोहळा आणि तोंडात शिट्टी. शिट्टी वाजली की कोहळा सुटणार.

"शिट्टी कनाला?" आवडाबाईने विचारलं. "मना कोन शिट्टी मारतं?"

"ती सूचना यंत्रणा आहे, आजी. पुढे आपण सगळ्यांनाच सांगू, टाकण्याआधी आवाज द्या म्हणून."

टाकू नका म्हणून सांगायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. आवडाबाईने कपाळावर हात मारला.

माणसं दोन्ही टोकांना सरकली. शिट्टी वाजली. नयन सुटला. खरं सांगायचं तर छान सुटला. तो भिंतीच्या कडेने पाच मीटर गेला आणि मागे धप्पकन कोहळा फुटला, रांगोळीच्या गोलाच्या जरा बाहेर. टाळ्या पडल्या. नयनने दोन्ही हात वर केले, घड्याळ बघितलं. महेंद्रांनी मोबाइलवर वेळ बघितली आणि सांगितली, पण ती कुणी ऐकली नाही. धनेश आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "आये, झाला ना आथा? सोड त्यो हट्ट."

शर्यत आपण लावली, शब्द आपण दिला. आवडाबाईने वाफ्यांकडे एकदा बघून घेतलं. मुळा कोवळा होता, अजून आठ दिवस लागले असते.

"येकदा शिट्टीबिगर," ती म्हणाली.

"अहो आजी, सिद्ध झालं की." नयन पुन्हा गोलाकडे चालत आला. त्याच्याभोवती माणसं गोळा झाली, फोटोसाठी. कुणी फुटलेल्या कोहळ्यावर पाय ठेवून उभं राहिलं. "मुद्दा एवढाच आहे," नयन भाषणाला लागला, "की माणूस सावध असेल, फिट असेल, तर पडणाऱ्या वस्तूपेक्षा..."

कॅलेंडरात लिहिलं होतं, अमावास्या प्रारंभ सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटं.

कोहळा नयनच्या उजव्या बुटापासून हातभर अंतरावर आला. आला म्हणजे तिथे होता. येताना कुणी बघितलाच नाही. पन्नास माणसांपैकी एकही पळालं नाही. एकानेही पाऊल उचललं नाही. आवाज झाल्यावर मात्र सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, तोंडं उघडी, जणू दुसरा येत असेल तर तो बरोबर तोंडात पडावा. आणि नयन, मेडलांचा धनी, जागच्या जागी मटकन बसला, माठाच्या चिखलात. मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर अक्षरं उमटली. शेजारच्या पोराने ती मोठ्याने वाचली. तुम्ही जोरात पडल्यासारखं वाटतंय, तुम्ही ठीक आहात का?

मग एकदम पळापळ झाली. म्हणजे पळायचं होतं ते आता सुरू झालं. माणसं एकमेकांना ढकलत, खुर्च्यांवरून ठेचकाळत भिंतीकडे धावली, छज्ज्याखाली, जिथे आवडाबाई मघापासून उभी होती.

ती मात्र बाहेर आली. फुटलेल्या कोहळ्याची एक फाक उचलली, तिच्यावरचं हळदकुंकू अंगठ्याने पुसलं. सालीवर आडवा खोल वण होता, वाढताना तो तारेवर रेलला होता त्याचा. हा कोहळा तिने स्वतःच्या हाताने तोडून दिला होता.

"शुभदाने नेल्ता ह्यो," ती म्हणाली. "दाराला बांदायचा म्हनून चांगला मोटा मागितला. मागच्या म्हैन्याला."

शुभदा म्हणजे नयनची बायको. नयनने चिखलातूनच फोन लावला. बोट भलतीकडे लागलं आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला.

"शुभदा, तू आत्ता काही टाकलंस?"

"कोहळा. का? बावीसला लागली ना अमावास्या."

"खाली माणसं आहेत! मी आहे खाली! बघितलं नाहीस?"

"अहो, असं काय करता?" फोनमधून अगदी शांतपणे आलं. "बघायचं नसतं ना."

आवडाबाई इतका वेळ उभी होती. आता तिने हातातली फाक खाली टाकली. तिला वाटलं होतं की असं झालं तर आपण पोट धरून हसू. पण हसू येईना, भडभडून आलं.

"ऐकलात?" ती म्हणाली. "तीन वरसं ऐकतंय मी ह्या. मी काय पलत नवतू म्हनून मरनार होतू? तुमच्यातला कोन पलला सांगा. हा धावनारा, ह्याचा घोरा खाली बसला. माजा पोर हात वर करून बसला मीटिंगला. मना कवा कोन बोलला का, आये, तुझ्या डोक्यावर परला तर?"

धनेश छज्ज्याखाली उभा होता, मान खाली घालून. महेंद्र सर पुढे आले, त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. शर्यत कोण जिंकलं हे कुणी विचारलं नाही.

चार दिवसांत जाळी बांधली गेली. आवडाबाईच्या बादलीसाठी जे समितीच्या बजेटमध्ये बसत नव्हतं ते सेक्रेटरीच्या बुटासाठी पटकन बसलं. हिरवी, जाड दोरीची, मोकळ्या विणीची, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नोटीसही लागली की गॅलरीतून काही टाकू नये. आवडाबाई आळूचे मोडलेले देठ काढत बसली. मुळा पुन्हा पेरावा लागला.

पुढची अमावास्या आली. नोटीस काय, भिंतीला असते. सकाळी दूध तापायच्या आत वरून कोहळा सुटला. कुणी सोडला कळलं नाही, पाठ होती ना. पण या वेळी तो खाली पोचला नाही. जाळीत अडकला आणि मधोमध लोंबकळत राहिला. हळदकुंकवाचं तोंड वर करून. दुसऱ्या मजल्यापासून अठराव्यापर्यंत, मागच्या कुठल्याही गॅलरीत कपडे वाळत घालायला या, झाडांना पाणी घालायला या, तो समोर. ज्याच्याकडे वळून बघायचं नसतं त्याच्याकडे सगळी इमारत दिवसातून दहा वेळा बघू लागली. तिसऱ्या दिवशी त्याला माशा लागल्या. पाचव्या दिवशी बायकांनी गॅलऱ्यांना पडदे लावले.

सहाव्या दिवशी नयन खाली आला. चालत आला. पट्टीत पाऊल टाकण्याआधी त्याने वर बघितलं, जाळी बघितली, तरीही भिंतीच्या कडेकडेनेच आला.

"आजी, तुमच्याकडे तो लांब बांबू आहे ना? जरा खालून ढोसून काढता का? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकतोय हो. बरं दिसत नाही. शुभदा तर जेवत नाहीये."

आवडाबाई माठ खुडत होती. तिने पाठ सरळ केली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या पट्टीच्या मधोमध उभं राहून मान वर केली. कोहळा होता, त्याच्यावर अठरा मजल्यांच्या गॅलऱ्या होत्या, आणि सगळ्यांत वर आभाळाचा एक उभा तुकडा होता. तिने तो सावकाश, पोटभर बघितला.

"तीन वरसं तुमची दिट मी डोक्यावर घेतली," ती म्हणाली. "आथा थोरे दिस तुमी बगा तिच्याकरं."

आणि ती पुन्हा माठ खुडायला वाकली.